बेटावरचा हत्ती

बसा. त्या पेटीवर बसा, स्टूल नको, त्याचा एक पाय नावालाच आहे. तुमच्या ट्यूबला एक भोक नाही, चांगली चाळण झालीय, वेळ लागणार. तोवर एक गोष्ट सांगतो. आत्ता तुम्ही सहज विचारलंत ना, की रविवारी घरच्यांना घेऊन श्रीरंगपट्टणचं बेट बघून यायचंय, तर गाडी करून जावं का आपलं रेल्वेनंच बरं? ह्याला माझ्याकडं एका शब्दाचं उत्तर नाही. ह्याच गल्लीतल्या एका माणसानं त्या प्रश्नावर सबंध उन्हाळा घालवला, आणि तो शिकलेला माणूस होता. मी आपला चौथीतनं पळालेला.

ते समोर हिरव्या दाराचं घर दिसतंय? मधुकररावांचं. मूळचे मिरजेकडचे, इथं बेंगळुरात सरकारी कारखान्यात नकाशे काढायला होते. घरात दोघंच, ते आणि शुभदावहिनी. मूलबाळ नाही. भांडण झालंच तर आमटीतल्या मिठावरून, तेही जेवण संपेपर्यंत.

चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर कानडी, भला माणूस. त्यानं मधुकररावांना बाजूला घेऊन सांगितलं, की नजर कडेकडेनं आत येत जाणार, कंदिलाची वात कमी करत न्यावी तशी. दिवाळीपर्यंत काय दिसेल ते दिसेल. आणि वहिनींना म्हणाला, "अम्मा, जे बघायचंय ते बघून घ्या."

आता बाईनं काय मागावं? काशी मागितली असती, मुंबई मागितली असती. वहिनींनी मागितलं श्रीरंगपट्टणचं बेट. नवी नवरी होऊन आल्या तेव्हा मधुकररावांनी त्यांना म्हैसूरचा दसरा दाखवायला नेलं होतं. पुलावरनं रेल्वे जाताना वहिनी खिडकीशी. खाली कावेरी फुटून दोन झालेली, मधे झाडी, देवळाचं गोपुर, आणि पाण्यात गुडघाभर उभी राहून एक बाई लुगडं पिळतेय. तेवढ्यात पूल संपला. वहिनी म्हणाल्या, "उतरूया ना हो इथं." मधुकरराव म्हणाले, "पुढच्या खेपेला उतरू." पुढची खेप कुठली येतेय? संसारात खेपा रेशनच्या आणि दवाखान्याच्या.

तर मधुकररावांनी मनावर घेतलं. रोज संध्याकाळी कारखान्यातनं आले, की चहा पिऊन इथं, ह्या फळीवर येऊन बसायचे आणि माझे पाने-पकडी घेऊन बेट मांडायचे. मोठा पाना म्हणजे कावेरी. चेनचा तुकडा म्हणजे रेल्वे. घंटीची वाटी म्हणजे देऊळ. मला गिऱ्हाइकाला पाना हवा असला, तर आधी कावेरी उचलावी लागायची.

"हे बघ परसू," ते म्हणायचे, "गाडी नसली तर काय होतं? सिटी स्टेशनवर गर्दी. डब्याची पायरी उंच. तिथं उतरलं की टांगा शोधा. किल्ला इकडं, राजवाडा तिकडं, आणि नद्या मिळतात तो संगम पार टोकाला. तोवर ऊन डोक्यावर."

"आणि गाडी असली तर?"

"गाडी असली तर दारातनं गाडीत, गाडीतनं नदीवर. तिला तिथं काही शोधावं लागता कामा नये. आपण फक्त बोट करायचं. हे देऊळ, ही नदी."

मी म्हटलं, "दोघंच तर आहात. डबा बांधा, रेल्वेत बसा, टांगेवाल्याला दोन गोड शब्द बोला, या जाऊन."

"तुला नाही कळायचं," म्हणाले, आणि घंटीची वाटी जरा सरकवून ठेवली.

गाडी कुणाकडं? चिकपेटेतल्या नरसिंहराव कापडवाल्यांकडं. हे जुने बेंगळुरी मराठी, तीन पिढ्या इथंच गेल्या, निम्मं मराठी निम्मं कानडी. त्यांची काळी, लांबलचक गाडी, युद्धाच्या आधीची. उभी राहिली की गल्लीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. मधुकरराव गेले, भीत भीत विषय काढला.

"न्या की हो!" नरसिंहराव म्हणाले. "पण चालवणार मी. ह्या गाडीला दुसऱ्याचा पाय चालत नाही."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माणूस गाडी देतोय, वर चालवायला येतोय, तर त्याच्या बायकोला घरी ठेवायचं कसं? मधुकरराव म्हणाले, "मग वहिनींनाही आणा ना, मुलांनाही आणा." ह्या रीतीचा दुसराही भाग असतो, समोरच्यानं निदान दोनदा नको म्हणायचं. नरसिंहरावांनी तो भाग गाळला. "सरी," म्हणाले, म्हणजे बरं. तेवढ्यात आतनं त्यांच्या आत्या, कस्तुराबाई, ओरडल्या, "नरसिंहा, स्वल्प मलाही सोड रे रंगनाथाच्या दारात!"

झालं. गाडी आली म्हणजे सामान आलं. रेल्वेनं गेला असता तर तांब्याभर पाणी पुरतं. गाडीला म्हणे थर्मास पाहिजे. थर्मास कुणाकडं, तर कारखान्यातल्या रत्नाकरकडं. हा पुण्याचा, नवा आलेला, दर दोन शब्दांना एक इंग्रजी. मधुकररावांनी थर्मास मागितला, आणि थर्मासच्या मालकाला न बोलावता थर्मास नेणं बरं दिसेना, म्हणून म्हणाले, "तुम्ही दोघंही चला ना." रत्नाकर म्हणाला, "वा, संडे फ्रीच आहे! कल्पनाला चेंज हवाच होता."

मग वाटलं, एवढे जातोय तर एक फोटो हवा. कॅमेरा विश्वेश्वरकडं. ह्याच गल्लीच्या तोंडाशी खोली घेऊन राहणारा ब्रह्मचारी, कॅमेरा पोराला जपावं तसा जपायचा. "कॅमेरा मी कुणाच्या हातात देत नाही," म्हणाला. म्हणजे तोही आला.

मधुकरराव एकेक वस्तू मागायला जायचे आणि वस्तूला माणूस चिकटून यायचा. वहिनी रोज विचारायच्या, "आज कोण?" आणि हसायच्या. एकदा मात्र भाजी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "आपण दोघांनी जायचं होतं ना?"

"अगं, चार माणसं असली म्हणजे तुलाच सोबत," मधुकरराव म्हणाले.

वहिनींनी पुढची जुडी निवडायला घेतली.

रविवारी उजाडता उजाडता गाडी दारात आली. मी दुकान उघडत होतो. अशी भरणी मी लोणच्याच्या बरणीतही पाहिली नाही. पुढं नरसिंहराव, शेजारी मधुकरराव मांडीवर पोळ्यांचा डबा घेऊन, त्यांच्या शेजारी विश्वेश्वर कॅमेरा छातीशी धरून, आणि रत्नाकर निम्मा सीटवर, निम्मा विश्वेश्वरवर. मागं कस्तुराबाई मधोमध, एका बाजूला नरसिंहरावांच्या बायको भाग्यलक्ष्मी, दुसऱ्या बाजूला कल्पना, आणि पायांत, मांडीवर, फटीत पोरं. वहिनींची जागा मागच्या दाराशी, कल्पनाच्या बाजूला राखून ठेवलेली. वीतभर. हिरवं इरकल नेसलेल्या, डोक्यात आमच्या यल्लव्वानं दिलेला मोगऱ्याचा गजरा. यल्लव्वा म्हणजे आमचं कुटुंब.

कस्तुराबाई म्हणाल्या, "शुभदा, थंड वाजतंय गं. एक शाल असली तर बघ."

वहिनी शाल आणायला आत गेल्या. इकडं पोरं रडायला लागली, नरसिंहराव घाईला आले, त्यांनी भोंगा वाजवला. मधुकररावांना मान वळवायला जागा नाही, डबा हनुवटीशी आलेला. त्यांनी पुढं बघूनच विचारलं, "काय गं, बसलीस का?"

आता सांगा. आपल्यात नवरा चारचौघांत बायकोला नावानं हाक मारतो का? वडीलधारी बाई गाडीत बसलेली असताना? मधुकरराव तरी कशी मारणार? "काय गं" म्हटलं, की ज्याच्या त्याच्या बायकोला बरोबर कळतं. फक्त गाडीत बायका होत्या बऱ्याच, आणि नवरे सगळे पुढं, पाठमोरे. भाग्यलक्ष्मींना वाटलं आपले विचारतायत. कल्पनाला वाटलं आपला विचारतोय. दोघी एकदमच म्हणाल्या, "हो, बसले." ते उघडं दार आतनं कुठल्याशा पोरानं ओढून घेतलं. गाडी निघाली.

मी इथनं बघत होतो. वहिनी पायरीवर आल्या होत्या, एका हातावर शाल, दुसरा हात पुढं, वर केलेला. मी म्हटलं, अरे, वहिनी राहिल्या वाटतं, निरोप देतायत. शहाणा मी, मीही इथनं हात हलवला.

गाडी कोपऱ्यावरनं वळून गेली, तरी वहिनींचा हात तसाच. मग तो हवेत जरा डावीकडं गेला, जरा उजवीकडं. अंधारात आपण कडी चाचपतो ना, तसा.

आमची यल्लव्वा भांडी घासत होती. तिनं बघितलं आणि राखेच्या हातानं पळत गेली. "अक्का, गाडी गेली की वो!"

"गेली?" वहिनी म्हणाल्या. "पेट्रोलचा वास आहे की अजून."

"वास ऱ्हायला, गाडी गेली."

वहिनी हसल्या. खरंच हसल्या. "येतील. कोपऱ्यावरनं परत येतील," म्हणून पायरीवर बसल्या. आम्हीही बसलो. कोपऱ्यावरनं दूधवाला आला, पाववाला आला, एक म्हैस आली. गाडी काही आली नाही.

मी म्हटलं, "वहिनी, मरू दे ती गाडी. रेल्वे आहे. यल्लव्वा येते बरोबर. त्यांच्याआधी पोचाल आणि पुलावर उभ्या राहून त्यांनाच हात कराल."

वहिनींना ते पटलं. यल्लव्वानं लुगडं बदललं, भाकरी बांधली, दोघी शिवाजीनगरच्या बसस्टँडवर गेल्या. आणि थोड्या वेळात परत आल्या. यल्लव्वाचे डोळे लाल. ही बाई तिच्या आईच्या मयतीलाही माणसांवर ओरडत होती, रडली नव्हती.

झालं असं, की सिटी स्टेशनला जाणारी बस ह्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. कंडक्टर घसा फोडून ओरडतोय, माणसं चढतायत. आणि वहिनींनी यल्लव्वाचा हात धरून विचारलं, "बराच आवाज येतोय गं. बस कुठं आहे?"

यल्लव्वानं पहिल्यांदा तोंडात पदर घातला आणि मग विचारलं, "अक्का, कवापास्नं?"

"झाले बरेच दिवस. घरात चालतं गं, घर हाताला माहीत आहे. उजेड कळतो. बाकी नाही."

"अन् अण्णांस्नी सांगितलं न्हाई?"

"रोज संध्याकाळी तुमच्या फळीवर एवढ्या हौसेनं नदी मांडतात. कसं सांगू? म्हटलं, जाऊन येऊ. ते सांगतील हे देऊळ, ही नदी. मी म्हणेन, वा! त्यांच्या जिवाला तेवढंच बरं."

म्हणजे बघा. मधुकररावांनी हे सगळं केलं ते तिचे डोळे जायच्या आत, आणि डोळे त्यांच्या नाकासमोर कधीच गेले होते.

इकडं गाडीत काय झालं, ते मला मागनं विश्वेश्वरनं सांगितलं. वाटेत मद्दूरला वडे खायला गाडी थांबवली, पुरुष तेवढे उतरले. मधुकररावांनी पानावर एक गरम वडा घेतला, मागच्या खिडकीशी गेले आणि न बघताच हात आत घातला. "घे गं, गरम आहे तोवर."

तो वडा कस्तुराबाईंनी घेतला. रंगनाथाचं दर्शन होईपर्यंत त्यांचा उपास होता, पण हातात आयता आलेला वडा, खाल्ला. मधुकररावांनी दुसरा आणला. तोही खाल्ला. तिसऱ्या खेपेला मधुकरराव म्हणाले, "आत्याबाई, हा जरा हिला द्या."

"कुणाला?"

"हिला."

"ही कोण?" म्हणत कस्तुराबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कल्पना म्हणाली, "माय गॉड. मला वाटलं त्या पुढं बसल्यात, मिस्टरांजवळ." भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, "मला वाटलं पोरांच्या खाली आहेत." अहो, पोरांच्या खाली!

"आपण फिरूया माघारी," नरसिंहराव म्हणाले. आणि तुम्हाला सांगतो, बायको मागं राहिलेली, जीव उडालेला, त्या क्षणीही मधुकरराव काय म्हणाले असतील? "छे छे, तुम्ही कशाला? तुम्ही एवढ्या लांब आलाय, बघून या. मी जातो." एकदाच म्हणाले. सगळ्यांनी लगेच ऐकलं.

बस भरलेल्या. शेवटी मंड्याकडनं गूळ घेऊन येणारी लॉरी मिळाली. मधुकरराव ढेपांवर बसले. रामनगरच्या अलीकडं चाक फुटलं. ऊन असं, की गूळ पाघळला आणि मधुकरराव त्यात रुतले.

तोवर इथं आमच्या घरात बेट बांधणं चाललं होतं. ती युक्ती वहिनींची. चहा घेता घेता म्हणाल्या, "ते येतील तोंड पाडून. जन्मभर म्हणत बसतील, माझ्या माणसं गोळा करण्यानं हिचं राहिलं. त्यापेक्षा मी रेल्वेनं जाऊन आले. यल्लव्वा होती बरोबर. परसू, बेट कसं आहे, सांगा बघू."

आता मी तिथनं गेलोय एकदा, लॉरीवर क्लीनर होतो तेव्हा. पण झोपेत.

"नदी किती रुंद?" वहिनींनी विचारलं.

"घ्या की, अलसूरच्या तळ्याएवढी."

"तळं काय, नदी आहे ती. वाहती पाहिजे."

"मग वाहती घ्या."

गोपुर मी चिकपेटेतल्या देवळाचं दिलं. किल्ला बेळगावचा दिला, तो मी लहानपणापासनं बघितलाय. बाकीचं यल्लव्वानं घातलं, आणि तिनं हात आखडता घेतला नाही. तिच्या बेटावर सौंदत्तीची जत्राच भरली. बांगड्यांची दुकानं आली, पाळणा आला, भंडारा उधळला.

"यल्लव्वा, बेट बुडेल गं," वहिनी म्हणाल्या.

"बुडत न्हाई. अक्का, हत्ती पायजे."

"हत्ती कशाला?"

"एवढं मोठं देऊळ, अन् हत्ती न्हाई? मग बघिटलं काय तुमी जाऊन?"

म्हणून हत्ती आला. तो पाण्यात कुठं उभा करायचा, ह्यावर आम्हा नवराबायकोचं भांडण झालं. वहिनींनी तो संगमावर उभा केला. मग डोळे मिटून सगळं एकदा म्हणून बघितलं, पाठ म्हणावं तसं. पुलापासनं सुरुवात केली. ती लुगडं पिळणारी बाई मात्र आमची नव्हती. ती त्यांची स्वतःची होती, ती त्यांनी न विचारता घातली.

दिवेलागणीला मधुकरराव आले. मागनं पँटीला गूळ, गुळाला माश्या, हातात केळीच्या पानात बांधलेला वडा. आम्ही वहिनींच्या घरीच होतो. दारातच थांबले.

"आलात?" वहिनी म्हणाल्या. "कुठं होता? मी कधीची जाऊन आले."

"कुठं?"

"बेटावर. रेल्वेनं. यल्लव्वा होती ना."

"एवढ्यात? परतपण आलात?"

"रेल्वे आज येळंवर हुती," यल्लव्वा म्हणाली. एवढी मोठी थाप मी आयुष्यात ऐकली नाही.

मधुकरराव खाली बसले. वहिनी सांगायला लागल्या. पूल, दोन झालेली नदी, झाडी, गोपुर, ती बाई. सांगता सांगता हात असे हलवत होत्या, की मलाही दिसायला लागलं. आणि शेवटी हत्ती. "कानापर्यंत पाण्यात. मला वाटलं खडक आहे. मग खडकानं सोंड काढली आणि असं पाणी उडवलं म्हणता, यल्लव्वाचं लुगडं चिंब."

मधुकरराव हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला, पुसला, परत पुसला. "म्हणजे बघितलंस तू."

"सगळं बघितलं."

"मग काही राहिलं नाही."

"काही नाही."

त्यांनी पान सोडून वडा पुढं केला. वहिनींनी हात केला तो जरा बाजूला गेला. मधुकररावांनी पान तिकडं सरकवलं, तिच्या हाताखाली.

तेवढ्यात गल्लीत भोंगा. आले सगळे! मी यल्लव्वाकडं बघितलं, यल्लव्वानं देवाकडं. ही माणसं खरं बेट बघून आलेली. सगळी धडाधड आत शिरली, पुढं कस्तुराबाई, हातात प्रसादाची पुडी.

"शुभदा, माझं चुकलं बाई. मी शाल मागितली नसती तर—"

"अहो आत्याबाई," मधुकरराव म्हणाले, "ही आज बेट बघून आली! रेल्वेनं! हत्ती बघितला!"

"हत्ती?" रत्नाकर म्हणाला. "तिथं कुठला एलिफंट? आम्ही एव्हरी कॉर्नर—"

वहिनींचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. कस्तुराबाईंनी प्रसाद पुढं केला. वहिनींनी घाईघाईनं ओंजळ धरली. ओंजळ एकीकडं, प्रसाद एकीकडं. म्हातारीनं ती ओंजळ बघितली. मग वहिनींचे डोळे बघितले. प्रसाद हळूच ओंजळीत ठेवला आणि ती ओंजळ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"गप रे रत्नाकरा," म्हणाली. "होता की हत्ती. संगमावर. तू थर्मास सांभाळत बसलेलास, तुला काय दिसणार?"

रत्नाकर गोंधळला. कल्पनानं त्याला कोपर मारलं. पुण्याची असली तरी पोरगी चलाख. "होता ना," म्हणाली, "मी तुम्हाला दाखवलासुद्धा."

"फोटो नाही निघाला," विश्वेश्वर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "फिल्म संपली ऐन वेळी."

नरसिंहराव व्यापारी माणूस, त्यांना कमी माल चालत नाही. ते म्हणाले, "गळ्यात घंटा होती त्याच्या. केवढी! लांबनं ऐकू येत होती." भाग्यलक्ष्मींनी त्याला झूल घातली. यल्लव्वानं झुलीचा रंग सांगितला. एवढी माणसं हळू आवाजात, एकमेकांकडं न बघता, एका हत्तीला सजवत बसली होती, आणि वहिनी मधे बसून म्हणत होत्या, "हो, हो, घंटा होती खरी." मधुकरराव सगळ्यांना चहा देत होते. त्यांनी वहिनींचा कप त्यांच्या हातात दिला आणि बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर ते दोघं कधीच तिकडं गेले नाहीत. नरसिंहराव दरवर्षी गाडी घेऊन जा म्हणतात, मधुकरराव म्हणतात, "बघितलंय की आम्ही." वहिनींना आता उजेडही कळत नाही. मला काय कळलं, मधुकररावांना काय कळलं, हे आम्ही कधी बोललो नाही. फळीवर ते अजून येऊन बसतात, पण पान्याला हात लावत नाहीत.

घ्या, झाली तुमची ट्यूब. हवा दाबून भरलीय. गाडीनं जा नाहीतर रेल्वेनं जा, ते तुमचं तुम्ही बघा. एवढंच, की आल्यावर ह्या गल्लीतनं जाताना मधुकरराव तुम्हाला हाक मारतील. जो कोणी बेटावर जाऊन येतो, त्याला ते थांबवतात. विचारतील, "काय हो, संगमावर तो हत्ती आहे का अजून?" तेव्हा माझं एक ऐका. आहे म्हणा, पाण्यात उभा होता म्हणा. आणि जरा मोठ्यानं म्हणा. वहिनी आत दाराआड तांदूळ निवडत बसलेल्या असतात.